डाव्या पंखाबद्दल विचारणाऱ्या कासवास

नमस्कार.

दादा म्हणू की ताई, तेवढंही मला ठाऊक नाही. आपल्या त्या अक्षरांच्या जगात तुम्ही एक म्हातारं कासव आहात आणि माझ्याशी मराठीत बोलता, एवढ्याच ओळखीवर लिहितोय. तिथं चार ओळींच्या वर गेलं की लोक कंटाळतात, म्हणून इथं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: संगणकावर अनेकांनी मिळून खेळायच्या या खेळात चित्रं नसतात, फक्त मजकूर असतो. १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी जे सुरू केलं, त्याच घराण्यातला हा खेळ. समोरच्यानं 'लुक' टाइप केलं की तुम्ही स्वतःबद्दल लिहून ठेवलेला मजकूर त्याला दिसतो. तोच तुमचा चेहरा आणि तेच कपडे. रूपं साठवूनही ठेवता येतात. एक कमांड दिली की माणसाचा पक्षी होतो.

मला दोनच रूपं हवी होती. एक माझ्यासारखा माणूस आणि दुसरा आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी. माणसाच्या वर्णनात मी लिहिलं होतं की डाव्या हाताची तीन बोटं अर्धीच आहेत. कारण ती आहेतच. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात यंत्रमागाच्या गिअरमध्ये गेली. शेठ दवाखान्यात येऊन म्हणाले होते, "उजवा शाबूत आहे की वो!" असो, त्यांचं पत्र वेगळं लिहीन.

तुमच्या आधी ज्यांनी 'मदत' केली, त्यांच्याबद्दल बोलायलाच हवं. एकानं हेल्प फाईल वाचायला सांगितलं आणि गायब. एकानं न विचारता तयार वर्णन पाठवलं: रुंद खांदे, चमकणारे डोळे, दहाही बोटं धडधाकट. होलसेलच्या चादरीसारखं, नक्षी सगळ्यांना एकच. आणि एक महाशय म्हणाले, इथं काहीही होता येतं, मग लुळंपांगळं कशाला व्हायचं, सहानुभूती पाहिजे का? त्यांना वाटत होतं की आपण फार मोकळ्या मनाचे आहोत.

मग तुम्ही आलात. कमांडचं काय ते तुम्ही पटकन लावून दिलंत, त्यातलं मला अर्धं कळलं. माळढोकाचं वर्णन मी मन लावून लिहिलं होतं. डोक्यावर काळी टोपी, पांढरी मान, मीटरभर उंची, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत वजनदार असतात त्यांच्यातला एक. ते तुम्ही वाचलंत आणि खाजगीत विचारलंत, "डाव्या पंखाचं काय करायचं? पक्ष्याच्या टोकाकडची लांब पिसं हाताच्याच हाडांना जोडलेली असतात. तीन आखूड ठेवायची का?"

मी बराच वेळ काहीच टाइप केलं नाही. तुम्हीही 'आहात का?' म्हणून टोचलं नाहीत. हात कसा गेला, कधी गेला, दुखतो का, यातलं काहीही विचारलं नाहीत. मी "हो, ठेवा" म्हणालो, तर उत्तर आलं, "उडायचं कसं ते तुम्हीच लिहायचं, म्हणजे अडचण नाही."

मला बदलायला लोक नेहमीच तयार असतात. नातेवाईक म्हणतात हात खिशात घालून फोटो काढ, फोटोवाला म्हणतो उजवीकडून बसा. तुम्ही मात्र माझाच हात त्या पक्ष्याला दिलात, आणि तोही आधी विचारून. विचारायला काय लागतं? एक वाक्य! पण ते वाक्य फार थोड्यांना सुचतं. बँकेत फॉर्म भरून देणारा असो की एसटीत चढताना आधार देणारा, माणूस भला आहे की नाही हे मी आता त्यावरूनच ओळखतो. विचारतो का, की सरळ दंड धरून ओढतो.

परवा कोणीतरी तिथं माझ्याकडे 'लुक' करून लिहिलं, "तीन पिसं तुटली का?" मी सांगितलं, तुटली नाहीत, तशीच आहेत. मग आम्ही बराच वेळ माळावर फिरलो.

एक काम राहिलंय. माळढोकाच्या रूपाला वास काय द्यायचा ते ठरत नाही. पहिल्या पावसातल्या माळाचा म्हटलं तर सगळेच तो देतात. सुचलं तर कळवा. आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात आलात तर कडक भाकरी नि शेंगाचटणी माझ्याकडे. दुसरीकडे खाल्लीत तर राग येईल.