स्पीच थेरपीच्या मॅडमना, एका बॉयलरवाल्याकडून

मॅडमना सप्रेम नमस्कार,

ऑपरेशननंतर पाच महिने मी एकच वाक्य ऐकत होतो, "काका, जोर लावा." घरचे म्हणायचे, शेजारी म्हणायचे. आधीच्या ठिकाणी तर कागदावर लिहूनच दिलं, पेशंट सराव करत नाही. स्वरयंत्र काढलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही, हा लोकांचा फायदा. मानेतल्या श्वासाच्या भोकावर अंगठा दाबून मी एवढा जोर लावायचो की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आवाज मात्र एक 'आ'सुद्धा धड नाही.

तुम्ही आधी विचारलंत, "काका, काम काय करायचात?" मी पाटीवर लिहिलं, साखर कारखाना, बॉयलर, ३१ वर्षं. तुम्ही हसलात. "मग तुम्हाला समजावणं सोपं आहे."

होतंच सोपं. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवलेला तो इवलासा व्हॉल्व्ह म्हणजे बॉयलरला पाणी देणाऱ्या आमच्या फीड लाइनवरचा एनआरव्ही, एकाच दिशेनं उघडणारी झडप. फुप्फुसातली हवा पुढे जाऊ द्यायची, अन्नपाणी मागे येऊ द्यायचं नाही. पुढे घशातल्या स्नायूंचा पट्टा त्या हवेनं थरथरतो, तोच आता आवाज. तुम्ही आधी व्हॉल्व्ह काढून मोकळ्या वाटेनं हवा सोडायला लावलीत. तरी आवाज नाही. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष. मग नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत उतरवलीत, तिच्यातून हळूहळू हवा सोडलीत आणि दाबाचा मीटर माझ्याकडे वळवून ठेवलात. तो मुद्दाम वळवलात का, हे विचारायचं राहून गेलंय. काटा ४४ वर जाऊन बसला आणि घसा गप्प. पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या आत दाब राहिला तर बोलणं सहज निघतं, असं तुम्ही सांगितलंत.

दाब चढलाय आणि प्रवाह नाही, एवढं कळलं की आमच्याकडचा नवा हेल्परही सांगेल, पुढे लाइन चोक आहे. तिथं पंपाला शिव्या देऊन काय होणार? हवा आली की माझा घसा मुठीसारखा आवळायचा. मी जोर लावला की आणखी आवळायचा. पाच महिने हाच सराव चालला होता माझा!

घरी येऊन हिशेब केला. आमचा बॉयलर चौरस सेंटिमीटरला ४५ किलो दाबावर चालायचा, म्हणजे पाण्याच्या ४५० मीटर उंचीचा दाब. तुमची २० ची मर्यादा म्हणजे पाण्याचे सत्तावीस सेंटिमीटर. एक वीत आणि वर दोन बोटं. धडधाकट माणसाला साध्या बोलण्यासाठी तर त्याच्या निम्मंही लागत नाही.

पुढे डॉक्टरांनी तो आवळलेला घसा सैल व्हावा म्हणून मानेत बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं. (नट्या सुरकुत्यांसाठी घेतात तेच, हे कळल्यावर घरात चार दिवस माझी चेष्टा चालली.) पुन्हा मोजलंत. तोंडावर मास्क लावून प्रवाहही पाहिलात. स्क्रीनवरची रेघ पूर्वी तुटक यायची, ती सलग आली. काटा १७ वर होता. लॉगबुक भरायची जुनी खोड, मी अंगठा दाबला आणि वाचून दाखवलं, "सतरा." हाच माझा पहिला धड शब्द. आमची ही अजून म्हणते, देवाचं नाव तरी घ्यायचंत.

वाचनात आलं की हा व्हॉल्व्ह १९८० च्या सुमारास अमेरिकेत ब्लॉम आणि सिंगर या दोघांनी आणला. सिंगर सर्जन, आणि ब्लॉम तुमच्याच पेशातले. मला नवल वाटलं नाही.

मॅडम, 'सराव करत नाही' या शेऱ्याखाली तुम्ही ४४ लिहिलंत. त्या आकड्यासाठी हे पत्र. तुमचे फार फार आभार.

'ह' अजून निसटतो, त्यामुळे शेजारच्या हणमंताला मी अणमंता म्हणतो आणि तो मुद्दाम ओ देत नाही. इंजेक्शनचा असर काही महिन्यांनी उतरू शकतो, हेही तुम्ही सांगून ठेवलंय. पुढच्या महिन्यात व्हॉल्व्ह दाखवायला येतोय, तेव्हा मीटर काढून ठेवा. साखर नको म्हणालात, म्हणून गूळ आणतो.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट