चिंगीच्या शस्त्रक्रियेत मदत करणाऱ्यांचे आभार

आमच्या घरची पाळीव मादी उंदीर चिंगी हिच्या काखेतील गाठ काढण्याची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली असून जखमही भरून आली आहे. यासाठी ज्यांची नावे विचारणेही त्या गडबडीत जमले नाही, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.

मादी उंदरांमध्ये स्तनग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेल्या असतात, त्यामुळे काखेत आलेली गाठही स्तनाची असू शकते आणि अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनी समजावले, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला. उंदरांना उलटी होत नाही, म्हणून भूल देण्याआधी चिंगीला उपाशी ठेवू नका, असे फोनवर बजावणाऱ्या मदतनीस ताईंचे आम्ही विशेष ऋणी आहोत. एवढ्याशा जिवाला उपासच अधिक बाधतो. भुसा काढून मऊ सुती कापड अंथरायला आणि पिंजऱ्याचे वरचे मजले बंद ठेवायला त्यांनीच सांगितले. डोळ्यांभोवती लालसर स्राव दिसताच आम्ही रक्त समजून घाबरलो, तेव्हा तो ताणामुळे किंवा वेदनेमुळे येतो, हेही त्यांनी शांतपणे सांगितले. डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक कुस्करलेल्या केळ्यात कालवल्यावर चिंगी वाटी चाटूनपुसून स्वच्छ करत असे. ही युक्तीही त्यांचीच.