डॉक्टर ताई, तुम्ही वाईट ते आधी सांगितलं म्हणून आभार

डॉक्टर ताई, नमस्कार. तुमचा जुना नंबर आता लागत नाही, डेंटल कॉलेजातलं पीजी संपवून तुम्ही लातूर सोडलं एवढंच ज्युनिअर मॅडमकडून कळलं, म्हणून इथंच लिहायलेय, कुणी ओळखीचं वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचेल. आमच्या लेकीच्या दाताच्या तारा निघाल्या. खुर्चीतून उठली की आधी जीभ फिरवली दातावरून आन म्हणाली, मम्मी किती गुळगुळीत लागायलेत!

तुमच्याकडं यायच्या आधी आम्ही दुसरीकडं एका ठिकाणी दाखवून आलो होतो. तिथं म्हणले सहा महिन्यात सरळ करून देतो, दात काढायची गरज नाही, दुखत बिखत काही नाही. ऐकायला गोड वाटतं हो, पण तिथं ना एक्स-रे काढला ना माप घेतलं. तुम्ही आधी दोन एक्स-रे काढले, एक सगळ्या जबड्याचा आन एक बाजूनं डोक्याचा, मग तोंडात तो लगदा घालून माप घेतलं (लेकराला ओकारी यायली तर तुम्ही म्हणालात पुढं वाक, नाकानं श्वास घे आन पायाची बोटं हलव, आन खरंच थांबली), आणि पुढच्या वेळी तिच्या दाताचा प्लास्टरचा साचा माझ्या हातात दिला. तीनच्या सीटवर चार बसलेत बघा, म्हणालात, कुणीतरी उठल्याशिवाय बाकीचे सरळ बसणार नाहीत. आम्ही चाकूरहून एसटीनंच यायचो त्यामुळं लगेच डोक्यात बसलं. सुळ्याच्या मागची एकेक उपदाढ अशा चार काढायच्या. घरी सासूबाईंनी डोक्यावर घेतलं घर, सोन्यासारखे दात काढायला निघालीस, पोरीचं लग्न व्हायचंय अजून. मग पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन आले आन तुम्ही तोच साचा त्यांच्या हातात दिला, चिडला नाहीत. सगळ्यांचेच काढावे लागतात असं नाही, हेही सांगितलं, आमच्या शेजारच्या पोराचे न काढताच झाले.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते हे, की पुढं काय काय होणार ते तुम्ही आधी सांगून ठेवायचात. तारेआधी दाढांच्या मधी जागा करायला ते निळे रबर घातले तेव्हाच म्हणालात, शेंगदाण्याचा कण अडकल्यासारखं वाटेल, काड्या घालून काढायचं नाही. तार बसवली त्या दिवशी सांगितलं की आत्ता काही वाटणार नाही, रात्रीपासून ठणकायला लागेल, दुसरा-तिसरा दिवस वाईट, आठवडाभरात उतरेल. अगदी तसंच झालं. दुसऱ्या दिवशी तिला वरणभातसुद्धा चावंना, हे रात्री दहाला म्हणायले गाडी काढू का, मी म्हणलं काही नको, मॅडमनी सांगितलंय, ताक-भात कालवून दिला, तुम्ही लिहून दिलेली गोळी दिली, झोपली. सांगितलं नसतं तर आम्ही दुसऱ्या दिवशी तार काढून टाका म्हणत तुमच्या दारात उभे असतो.

गालाला घासून तोंड आलं तर तारेवर मेण लावायचं, ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवलेला तो बारका तुकडा) निघाली तर ओढायची नाही, तार टोचली तर घरी कापायची नाही, फोन करायचा. ब्रॅकेट निघालीच एकदा, मैत्रिणीनं दिलेल्या गुडदाणीवर (गूळ-शेंगदाण्याच्या चिक्कीवर)! तुम्ही रागावला नाहीत, फक्त म्हणालात, चल, तुझाच एक महिना वाढला.

आन ते रंगाचं! ब्रॅकेटवरच्या बारक्या रबरांत तिला पारदर्शक पाहिजे होते, दिसू नयेत म्हणून. तुम्ही हसून म्हणालात घे, पण आपल्याकडं हळदीशिवाय वरण होत नाही, चार दिवसात पिवळे होतील. मग करडे घेतले. हे असलं कुठल्या पुस्तकात असतंय की नाही देवाला माहीत.

येळवशीला (वेळ अमावस्येला) मला धास्ती होती, शेतात सगळी भावकी जेवायला आन हिला खायला काय. तुम्हाला फोन केला तर तुम्हीच म्हणालात, येळवस तर तुमच्याच सोयीची, आंबील, भज्जी (ती मिसळीची पातळ भाजी), खीर, सगळं मऊ, फक्त ऊस सोलायचा नाही आन बोरं, भाजलेल्या शेंगा लांब ठेवा. भाकरीचे कडक पापुद्रे काढून मी तिला भज्जीतच कुस्करून दिली. आल्यावर ब्रश मात्र आधी. त्यात तुम्ही लई कडक होतात. तारेखालून घालायचा तो बारका ब्रश, आन एका पेशंटचा फोटो दाखवला होता, तारा निघाल्यावर ब्रॅकेटच्या भोवती पांढरे डाग राहिलेले. डाग तसेच राहू शकतात एवढंच बोललात. त्यानंतर मला ब्रश कर म्हणावं लागलं नाही.

मधी मीच मागं लागले होते, दहावीच्या आधी होईल का, जरा जोरात आवळा ना. तेव्हा तुम्ही समजावलं की दात हाडातून सरकतो, ज्या बाजूनं दाबतो तिथलं हाड विरघळतं आन मागं नवीन भरतं, महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास, जास्त जोर लावला तर मुळं झिजायची भीती. दीड-दोन वर्षं धरून चाला. मग वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंतचे ते रबर आले, जेवण आन ब्रश सोडून दिवसरात्र, रोज नवीन. ते तिच्या हातात होतं, आमच्या नाही, आन तुम्ही तिलाच समोर बसवून सांगितलं, माझ्याकडं बघून नाही. ते मला लई आवडलं. कॉलेजात पीजी डॉक्टर मधीच बदलतात ही भीती होती, पण जाताना तुम्ही ज्युनिअर मॅडमना आमच्यासमोरच सगळी फाईल समजावली, गाईड सरांनाही दाखवली.

आता रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवायचा तो काढता-घालता साचा, चालू आहे. तारा निघाल्या म्हणजे संपलं नाही, हिरड्यातले धागे दात जुन्या जागेला ओढतात, हे तुमचं वाक्य ती आता मलाच ऐकवते. खाताना काढला की डबीतच, गरम पाण्यात धुवायचा नाही. खालच्या दाताला मागून बारीक तार चिकटवली आहे ती राहील.

धाकटा आता सातचा होईल, वरचे दोन पुढं आलेत. सात वर्षाला एकदा दाखवा म्हणाला होतात, दिवाळीनंतर आणतोय. तुम्ही कुठं बसता ते कुणाला माहीत असेल तर नक्की कळवा, लांब असलं तरी येऊ.

तुमची,
चाकूरची, गुडदाणीवालीची आई