दसऱ्याच्या आत मदत हवी : शाळा व्यवस्थापन समितीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

धारूर तालुक्यातल्या आमच्या डोंगरवस्तीतून दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या उन्हाळा लागल्यावरच परततात. आईबापामागं पोरं जातात. त्यांतली काही परत आली तरी वर्गात येत नाहीत. ही गळती रोखायला यंदा समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गातली एक विद्यार्थिनी शाळेत क्षेत्रकार्यासाठी येते आहे, आठवड्यातून दोन दिवस. तिचं काम हंगामभर निभावं, म्हणून हा मजकूर.

लोकांना वाटतं पोराचं वर्ष दसऱ्याला बुडतं. खरं तर ते उचल, म्हणजे तोडीची आगाऊ रक्कम, घेतली त्याच दिवशी बुडालेलं असतं. मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, आषाढ-श्रावणात उचल वाटतो आणि सोबत कोण जाणार, मागं कोण राहणार हे घरात तेव्हाच ठरतं. म्हणून त्या विद्यार्थिनीची वही ऑगस्टपासून सुरू झाली. प्रत्येक मुलामागं एक ओळ : मुकादम कोण, कारखाना कोणता, बैलगाडी की ट्रॅक्टर, घरी मागं कोण राहणार, आईचा आणि बापाचा असे दोन मोबाईल नंबर, पटावरचं नाव, आधारवरचं नाव.

बैलगाडी की ट्रॅक्टर, हे विचारायचं कारण आहे. बैलगाडीवाले, म्हणजे टायरगाडीवाले, कारखान्याजवळच्या एकाच तळावर हंगाम काढतात. तिथल्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड दिलं, तर दाखला नसतानाही जवळच्या शाळेत बसता येतं. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळीचा मुक्काम मात्र फड, म्हणजे तोडीचं शेत, संपला की हलतो. पोरगं एका शाळेत रुळेपर्यंत कोप्या (झोपड्या) मोडलेल्या असतात. अशा मुलाला कार्ड देऊन फायदा नाही. त्याला गावातच, हंगामी वसतिगृहात ठेवायला हवं. हे न बघता सगळ्यांना सरसकट कार्डं वाटली की कागदावर काम पूर्ण दिसतं आणि मूल फडात असतं.

नावांचे रकाने बिनकामाचे वाटतात, पण सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. पटावर ‘पूजा’, आधारवर ‘पुजा’, आडनावात एक अक्षर इकडचं तिकडं. तेवढ्यावरून ऑनलाइन नोंद अडते आणि तिकडची शाळा मुलाला नुसतं मागं बसवून घेते. ही दुरुस्ती गाडी निघायच्या आधी, इथंच व्हायला हवी. दुसरी अडचण बोलायला अवघड, पण बोलतो : शिक्षकांची पदं पटावर ठरतात, त्यामुळं गेलेल्या मुलाचं नाव गेलेलं म्हणून लिहायला कुणाचाच हात उठत नाही. नियमाप्रमाणं सलग एक महिन्याहून जास्त गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं. आम्ही महिनाभर थांबत नाही. सलग तीन दिवस गैरहजेरी दिसली की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या घरी जायचं, असं ठरलं आहे.

जायचं ते दिवे लागल्यावर. दुपारी घराला कुलूप असतं. ‘पोरगी शाळेत जाते का?’ असं विचारलं तर ‘जाते की’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी सकाळी पाणी कोण भरतं, धाकट्याला कोण सांभाळतं, शेरडं कोण वळतं, हे विचारायचं. खरं कारण त्यात निघतं. बऱ्याचदा अकरा वर्षांची पोरगी वर्षाच्या भावासाठी फडावर न्यायची असते. तेरा-चौदाच्या मुलींचं कारण वेगळं : मागं एकटी ठेवायची भीती. मग लग्नाची बोलणी सुरू होतात, कारण नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; लग्न झालं की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो आणि उचल वाढते. अशी कुजबुज कानावर आली तर १०९८ वर फोन करा. नाव सांगावं लागत नाही.

वसतिगृहाचं गणित असं. यंदा ३८ मुलं मागं राहतील. जेवण वसतिगृहात, झोपायला आजी-चुलतीकडं. दुपारचं जेवण शाळेच्या पोषण आहारातून होतं; सकाळ-संध्याकाळचं आपल्याला बघायचं आहे. अनुदान मिळतं, पण हंगाम सुरू झाल्यावर ते हाती पडेपर्यंत साधारण दीड महिना जातो आणि मुलं पळतात ती नेमकी त्याच दिवसांत. दोन वेळेला मिळून मुलामागं ३०० ग्रॅम ज्वारी, ६० ग्रॅम तूरडाळ, २० ग्रॅम तेल धरलं, तर ४५ दिवसांना सव्वापाच क्विंटल ज्वारी, एक क्विंटल डाळ आणि १५ किलोचे अडीच डबे तेल लागतं. ज्वारी खळ्यावरची चालेल, मात्र वाळलेली आणि चाळलेली द्या. ओलसर पोत्याला पंधरा दिवसांत किडा लागतो आणि शेजारची पोतीही जातात.

विद्यार्थिनीला या कामाचं मानधन नाही. तो तिच्या अभ्यासाचाच भाग आहे. पण दिवसाला ४० किलोमीटर फिरणं होतं. २६ आठवड्यांचे ५२ दिवस धरले तर दोन हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे दुचाकीला साधारण ४६ लिटर पेट्रोल. पाच हजारांत भागेल. गाडी कुणी हंगामापुरती दिली तर उत्तम, कागदपत्रं चालू असलेलीच द्या. तिच्या मुक्कामाच्या दोन दिवसांसाठी आतून कडी लागणारी एक खोली हवी. अंधारात वस्तीवर ती एकटी जाणार नाही, आशाताई किंवा बालरक्षक (शाळाबाह्य मुलांकडं बघणारे) शिक्षक सोबत असतील.

आता खरी अडचण. टोळ्या निघतात त्या सुमारासच तिची सत्र परीक्षा येते. त्या तीन आठवड्यांत ती इथं नसेल. तेव्हा वहीतली घरं सांभाळायला सहा माणसं हवीत, प्रत्येकी सहा-सात घरं. निवृत्त शिक्षक, बारावी झालेल्या मुली, कुणीही चालेल. दिवसाला संध्याकाळचा एक तास. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी ती सगळ्यांना वही समजावून सांगेल. वही शाळेच्या कपाटातच राहील, कारण पुढच्या वर्षी विद्यार्थी दुसरा असणार.

सांगली, कोल्हापूर, पुण्याकडं कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्या आपल्या गावच्या माणसांकडून पैशापेक्षा वेगळी मदत हवी आहे. तळ कुठं पडला, जवळची शाळा किती लांब, मध्ये हायवे किंवा कालवा आहे का, एवढं बघून कळवा. कालवा असला तर आई लहान मुलाला पाठवत नाही. मग कार्ड नुसतं पिशवीत राहतं. मुलांचे फोटो काढू नका, कुठंही टाकू नका.

रक्कम द्यायची असेल तर समितीच्या बँक खात्यातच भरा आणि पावती घ्या. खाते क्रमांक शाळेच्या दर्शनी फलकावर आहे; लांबच्यांनी मुख्याध्यापकांकडून लेखी मागवावा. फोनवर कुणी वेगळा क्रमांक सांगितला तर पैसे पाठवू नका. जमाखर्च दर महिन्याच्या समिती बैठकीत वाचला जाईल.

जुने कपडे आणि दप्तरं कृपया पाठवू नका, मागची अजून पडून आहेत. पाठ्यपुस्तकं शासनाकडून मोफत मिळतात. त्याऐवजी चार्जिंगच्या बॅटऱ्या (टॉर्च) द्या, सहा पुरतील. आणि एक साधा मोबाईल, रिचार्जसह : रविवारी संध्याकाळी मुलांचं आईशी बोलणं व्हावं म्हणून. रोज रात्री फोन आला की पोरं रडून दुसऱ्या दिवशी गाव सोडतात. वार ठरवून दिला की थांबतात.

धान्य घटस्थापनेपर्यंत शाळेत पोहोचवा. खोली सकाळी ८ ते १० उघडी असते.

शाळा व्यवस्थापन समिती