तो धडा सोडू नकोस

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी कापूस वेचणीच्या मजुरीचा हिशेब करत होतो, म्हणून नीट बोललो नाही, असं तुला वाटलं असेल. खरं कारण वेगळं आहे. "आप्पा, मुख्याध्यापक म्हणतात प्रजननाचा भाग मुलांना घरी वाचायला सांगा आणि पुढं चला. दोन पालक भांडून गेले. काय करू?" असं तू विचारलंस आणि माझी जीभच उचलेना. तुझे मुख्याध्यापक जे सांगतात तेच मी सत्तावीस वर्षं केलं. "हे घरी वाचा, चार मार्कांना येतं," असं म्हणायचो आणि पानं उलटायचो. मुली खाली मान घालायच्या, मागच्या बाकावरची पोरं खाकरायची, आणि तास पुढं सरकायचा.

एक गोष्ट मी तुझ्या आईलाही सांगितलेली नाही. 1999 साल असावं. नववीचा वर्ग, पावसाळ्याचे दिवस. जास्वंदीच्या फुलाची आकृती काढायला मी एका मुलीला फळ्याजवळ बोलावलं. हुशार पोर, हात नेहमी वर. त्या दिवशी ती उठेना. दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा आवाज चढवला. मग ती दप्तर मागं धरून उठली. दप्तर म्हणजे युरियाच्या गोणीची शिवलेली पिशवी. बाकावर डाग होता, पिशवी पांढरी असल्यानं तिच्यावरही उमटला. मागून कोणीतरी हसलं, मग बरेच हसले. तिच्या चेहऱ्यावर लाजेपेक्षा भीती जास्त होती. आपल्याला काय झालंय हेच त्या लेकराला ठाऊक नव्हतं.

मी काय केलं? फळ्याकडे तोंड फिरवलं आणि ती आकृती स्वतः काढत बसलो. पुंकेसर, परागकोश, अंडाशय, सगळ्यांना बाण काढून नावं दिली. फुलाचं सगळं शिकवलं. मी वळलो तेव्हा तिची जागा रिकामी होती. त्यानंतर ती शाळेत आली नाही. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचं लग्न झाल्याचं कळलं. पंधरा वर्षांचीही नसेल. त्या एका तासामुळंच तिची शाळा सुटली असं मी म्हणत नाही, घरची परिस्थिती होतीच. पण मी जूनमध्येच तो धडा शिकवला असता तर तिला काय होतंय ते कळलं असतं, आणि हसणाऱ्या पोरांनाही कळलं असतं.

पोरांचं म्हणशील तर त्यांनाही कोणी वाली नव्हता. दहावीतला एक मुलगा शाळा सुटल्यावर सायकल ढकलत माझ्याबरोबर निम्मा रस्ता आला. अंगानं वाळलेला, डोळे आत गेलेले. म्हणाला, "गुरुजी, मना जीव जाई का?" झोपेत कपडे खराब व्हायचे, एवढंच. पण रस्त्याकडेच्या तंबूतल्या वैदूनं त्याला सांगितलं होतं की धातू जातोय, एक थेंब म्हणजे शंभर थेंब रक्त. दिवाळीच्या सुट्टीतली वेचणीची सगळी मजुरी त्यानं त्या पुड्यांवर घातली होती. वयात येताना हे बहुतेक मुलांना होतं, हा आजार नाही, यानं अशक्तपणा येत नाही, एवढी तीन वाक्यं मला बोलायची होती. मी म्हणालो, "दूध पीत जा, अभ्यासात लक्ष घाल." एसटी स्टँडच्या भिंतीवर 'गुप्तरोग, हमखास इलाज' रंगवलेलं तू लहानपणी मोठ्यानं वाचायचीस आणि मी तुला गप्प करायचो. असल्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा 1954 पासून आहे. पण शाळा गप्प, घर गप्प, आणि भिंत तेवढी बोलत होती. आता भिंतीची जागा मोबाईलनं घेतली आहे. त्यात पोरं जे बघतात ते त्या भिंतीपेक्षा कितीतरी वाईट आहे. बाईशी असंच वागायचं असतं अशी त्यांची समजूत होते, आणि ती खोडायला समोर कोणी मोठं माणूस नसतं.

तुझ्या बाबतीतही मी चुकलो. तुला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी खाट ओट्यावर काढली आणि चार दिवस तुझ्याशी धड बोललो नाही. आईनं तुला एवढंच सांगितलं, की आता पोरांत खेळायचं नाही आणि कानबाईच्या पूजेच्या रोटाला हात लावायचा नाही. तू दाराआडून माझ्याकडे बघत होतीस ते मला आजही दिसतं. आप्पा रागावलेत असं तुला वाटलं असणार. मी रागावलो नव्हतो गं. मला शब्द सापडत नव्हते.

शब्दांचंच खरं दुखणं आहे. आपल्याकडे या अवयवांची नावं एकतर शिवीत येतात नाहीतर पुस्तकातल्या संस्कृतात. शिवी वर्गात चालत नाही आणि संस्कृत पोरांच्या डोक्यावरून जातं. म्हणून पहिल्या तासाला फक्त शब्द घे. फळ्यावर लिही, मोठ्यानं वाच, पोरांनाही वाचायला लाव. हसतील. हसू दे. पाचव्यांदा म्हणताना कोणी हसत नाही. मुलांना बाहेर काढून नुसत्या मुलींना शिकवू नकोस. पाळीबद्दल मुलांनाही कळलंच पाहिजे. मात्र प्रश्न विचारायला चिठ्ठ्यांचा डबा ठेव, नाव न लिहिता.

गुणसूत्रांचा भाग घाईनं उरकू नकोस. 2011 च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं फक्त 842 मुली होत्या. सोनं पिकवणारा, शिकलेला जिल्हा. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, बाईच्या हातात काहीच नसतं, हे दहावीच्या प्रत्येक पोराला नीट समजलं तर उद्या तो बायकोला बोल लावताना अडखळेल.

पालकांवर चिडू नकोस. ते घाबरलेले आहेत, आणि मीही घाबरायचो. 2005 साली केंद्रानं किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आणला. 2007 मध्ये महाराष्ट्रात त्यावर एवढा गदारोळ झाला की सरकारनं तो थांबवला. आमच्या शाळेत आलेल्या पुस्तिका कपाटात गेल्या आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी तुझ्याजवळ कबूल करतो. याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक ज्ञानाचं मासिक चालवलं. खटले झाले, 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्वे तो खटला हरले, पण मासिक बंद केलं नाही. मला तर कोणी कोर्टात खेचणार नव्हतं, तरी माझा धीर झाला नाही.

'पोरं बिघडतील' असं म्हणतील त्यांना सांग, जगभरचे अभ्यास पाहून युनेस्कोनं 2018 साली लिहिलंय की या शिक्षणानं मुलं त्या वाटेला लवकर जात नाहीत. पण आपल्या लोकांना युनेस्कोपेक्षा पोक्सो लवकर समजेल. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा 2012 चा कायदा आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिची संमती कायदा धरत नाही. पळून गेलेल्या जोडप्यातला एकोणीस वर्षांचा पोरगा थेट तुरुंगात जातो. हे त्याला कोणी सांगायचं? आणि घरातल्याच माणसानं लहान पोरीच्या अंगाला हात लावला तर काय करायचं, मुलांच्या 1098 या मदत क्रमांकावर फोन कसा लावायचा, हे तिला कोणी सांगायचं? मुलांचे बापही हे ऐकतील, मी गावकी ओळखतो. मुख्याध्यापकांना सांग की 2025 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलंय, हे शिक्षण नववीची वाट न बघता त्याआधीच द्यावं. शिवाय धडा बोर्डाच्या पुस्तकात आहे. तू तुझ्या मनाचं काही शिकवत नाहीस.

आधी पालकसभा घे, मग धडा घे. आयांना आवर्जून बोलाव. त्या सभेत बोलणार नाहीत, पण उठून जाताना तुझा हात धरतील.

आईनं कळण्याचं पीठ आणि भरताची वांगी बांधून ठेवली आहेत. सभेचा दिवस कळव, चोपड्याहून सकाळच्या गाडीनं मी शहाद्याला येतो. मागं बसेन. कोणी फारच आवाज चढवला तर मला उभं कर. त्या युरियाच्या गोणीच्या दप्तराची गोष्ट मी स्वतः सांगेन.

तुझे,
आप्पा