परिसरातील लोकधुनांच्या ध्वनिसंग्रहासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

दारव्हा तालुक्यातील आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या संगीत मंडळाने परिसरातील पारंपरिक गाणी ध्वनिमुद्रित करून जतन करण्याचे आणि शाळकरी मुलामुलींना ती शिकवण्याचे काम हाती घेतले असून, त्यासाठी ग्रामस्थ, नोकरीनिमित्त बाहेरगावी असलेले गावकरी आणि सासरी गेलेल्या लेकी या सर्वांकडे आम्ही मदत मागत आहोत. शास्त्रीय संगीत शिकवणाऱ्या मंडळाने जात्यावरच्या ओव्यांमागे का लागावे, असा प्रश्न काही ज्येष्ठांनी विचारला. त्याचे उत्तर पंडित कुमार गंधर्व यांच्या चरित्रात सापडते, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी येथे झाला. लहानपणीच मैफली गाजवून त्यांनी कुमार गंधर्व ही पदवी मिळवली आणि पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. ऐन उमेदीत क्षयाने गाठले, तेव्हा कोरड्या हवेसाठी १९४८ साली ते माळव्यात देवासला राहायला आले. पुढची काही वर्षे अंथरुणावर गेली, एक फुप्फुस निकामी झाले आणि गाण्याला डॉक्टरांची मनाई होती. पत्नी भानुमतीबाईंनी नोकरी सांभाळून त्यांची शुश्रूषा केली. गाता येत नव्हते त्या काळात कुमारजी ऐकत राहिले. माळव्यातल्या बायांची सणावाराची, लग्नाची, पावसाची गाणी आणि दारोदार फिरणाऱ्या नाथपंथी गायकांची निर्गुणी भजने त्यांच्या कानांवर पडत होती. ती त्यांनी जमवली, त्यांतल्या स्वरांचा बारकाईने अभ्यास केला, आणि अशा धुनांमध्ये त्यांना नव्या रागांचे बीज दिसले. मधसुरजा, अहिमोहिनी, सहेली तोडी, संजारी, मालवती हे त्यांचे धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग याच ऐकण्यातून जन्माला आले. या रागांतल्या व इतर अनेक रागांतल्या त्यांच्या स्वतःच्या बंदिशी, म्हणजे रागात बांधलेल्या गीतरचना, १९६५ साली ‘अनूपरागविलास’ या संग्रहात प्रसिद्ध झाल्या, तर ‘गीत वर्षा’सारख्या कार्यक्रमांत त्यांनी बंदिश आणि लोकगीत यांना एकाच मंचावर मानाने बसवले. १९९० साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले.

ज्या गाण्यांना कोणी संगीत म्हणत नव्हते, त्यांतून एवढा मोठा रचनाकार नव्या बंदिशींसाठी स्वर उचलतो, ही गोष्ट आपल्यासारख्या गावाने फार मनावर घ्यावी असे आम्हांला वाटते. पोळ्याला आखरावर तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्यावर म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर म्हणतात ती भुलाबाईची गाणी, दंडार या लोकनाट्यातली गाणी, महादेवाच्या यात्रेला निघताना म्हटली जाणारी गाणी, हे सारे आपल्याकडे आहे. पण ते ज्यांना चालीसकट येते, त्या बहुतेक जणी आता सत्तरीपुढच्या आहेत.

मागच्या वर्षी मंडळाच्या मुलींनी मोबाइलवर काही गाणी टिपली. पेठेतल्या एका आजींना ओवीची चाल नुसती बसून आठवेना. अडगळीतले जाते पुसून समोर मांडले, खुंटा हातात दिला आणि दोन फेरे झाल्यावर त्यांनी लागोपाठ अकरा ओव्या म्हटल्या. आमच्या संगीत शिक्षकांनी त्या चालीचे स्वर लिहून काढले, तेव्हा सगळी ओवी अवघ्या चार स्वरांत फिरते असे दिसले. मात्र ओळीच्या शेवटी आजी ज्या गांधारावर, म्हणजे ‘ग’ या स्वरावर, थांबतात, तो ना कोमल ना शुद्ध, दोहोंच्या मधला आहे. पेटीच्या कोणत्याही पट्टीवर तो सापडत नाही आणि कागदावरच्या स्वरलिपीतही नेमका उतरत नाही. आवाज जसाच्या तसा टिपला तरच तो पुढच्या मुलीला ऐकता येईल, आणि मोबाइलच्या मुद्रणात तर पंख्याची घरघर व शेजारचा टीव्हीच अधिक ऐकू येतो.

म्हणून चांगला ध्वनिमुद्रक, दोन मायक्रोफोन, संग्रहासाठी संगणक आणि मुलांच्या वर्गासाठी मिरजेहून तानपुऱ्यांची एक जोडी, एवढे साहित्य घ्यायचे आहे. गाणाऱ्या प्रत्येक बाईला साडीचोळी आणि मानधन द्यावे, असा मंडळाचा ठराव झाला आहे. त्यांची विद्या फुकट घेणे आम्हांला योग्य वाटत नाही. या सर्वांसाठी १,८०,००० रुपये खर्च अपेक्षित असून त्यांपैकी ४२,००० रुपये सभासदांनी जमा केले आहेत.

ज्यांना रोख रक्कम देणे कठीण आहे, त्यांनी घरातल्या जुन्या कॅसेटी, गाण्यांच्या वह्या किंवा गाणाऱ्या आजी-मावशींची नावे कळवली, तरी ती मोठीच मदत होईल. कापूस विकल्यावर देणे ज्यांना सोयीचे असेल, त्यांनी आत्ता फक्त नाव व रक्कम नोंदवून ठेवावी. ध्वनिमुद्रकाची रक्कम मात्र पोळ्याच्या आत उभी राहणे गरजेचे आहे, म्हणजे यंदाच्या झडत्या आणि पाठोपाठ भुलाबाईची गाणी वेळेवर टिपता येतील. देणगी वाचनालयात ग्रंथपालांकडे सायंकाळी ५ ते ८ या वेळेत द्यावी आणि पावती अवश्य घ्यावी. जमाखर्च दर महिन्याला वाचनालयाच्या फलकावर लावला जाईल व ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल.

आपले नम्र,
कार्यकारिणी, संगीत मंडळ,
सार्वजनिक वाचनालय