कारवीच्या दोन फुलोऱ्यांइतकी टिकणारी गॅलरी

संपादक महोदय,
सस्नेह नमस्कार.

हौशी छायाचित्रकारांनी आपले फोटो कुठे ठेवावेत, यावर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला होता. कुठे किती जागा फुकट मिळते, यावरच त्याचा सगळा भर होता. साताऱ्यातल्या एका छोट्या छायाचित्र मंडळाची मी चार वर्षं चिटणीस आहे. आम्ही ३४ सभासद. मंडळाची सामायिक गॅलरी कुठे मांडायची, यावर आमच्या तीन बैठका झाल्या, आणि फुकट जागेचा मुद्दा पहिल्याच बैठकीत मागे पडला. का, ते सांगायला हे पत्र.

मंडळाचे आधीचे चिटणीस, आमचे काका, दर पावसाळ्याच्या शेवटी कासला जात. फुलाचा फोटो काढला की जवळपास गुरं राखणाऱ्या माणसाला त्याचं नाव विचारत. कासजवळच्या एकीव गावच्या एका आजींनी त्यांना कितीतरी फुलांची नावं सांगितली होती, पुस्तकात न सापडणारी. ती नावं, जागा, तारीख, हे सगळं काका एका संकेतस्थळावरच्या आमच्या गॅलरीत फोटोखाली टाइप करत. पुढे त्या संकेतस्थळाने बराच काळ न उघडलेली खाती बंद करायचं ठरवलं. तशी सूचना काकांच्या ईमेलवर आली, पण काका आदल्याच वर्षी गेले होते आणि पासवर्ड दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. फोटोंच्या मूळ फाइली सभासदांच्या डिस्कवर सापडल्या. काकांनी लिहिलेल्या ओळी मात्र कुठेच नाहीत. आता त्या आजीही नाहीत. माझ्याकडे निळ्या-जांभळ्या फुलांचे शेकडो फोटो आहेत आणि फाइलींना फक्त आकडे आहेत.

म्हणून पहिल्याच बैठकीत मी एक माप पुढे ठेवलं. कासच्या पठारावर टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. एका फुलोऱ्याचे फोटो पुढच्या फुलोऱ्याशी ताडून बघता आले, तरच आमच्या गॅलरीला अर्थ. म्हणजे ती निदान दोन फुलोरे टिकायला हवी. फुकट योजनांना हे माप लावून पाहा. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण २०१५ मध्ये सुरू झाली आणि १ जून २०२१ पासून बंद झाली. फ्लिकर या फोटो ठेवण्याच्या संकेतस्थळाने २०१३ मध्ये प्रत्येकाला एक टेराबाइट फुकट जागा दिली, २०१८ मध्ये मालक बदलले, आणि त्याच वर्षी फुकट खात्यावर हजार फोटोंची मर्यादा जाहीर झाली. दोन्ही सोयी कारवीच्या एका फेऱ्याइतक्याही टिकल्या नाहीत. कंपन्यांना दोष द्यायचा नाही, त्यांचाही खर्च आहे. पण त्यांच्या औदार्यावर आपण वारसा का टांगायचा?

व्हॉट्सॲप ग्रुपचा आग्रह बऱ्याच जणांचा होता. तिथे फोटो आकसतो आणि त्यातली कॅमेऱ्याची नोंद पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर नोंद राहते, पण तसं कुणी पाठवत नाही. गुगल फोटोजचा सामायिक अल्बम सोपा, पण सभासद अल्बममधून बाहेर पडला की त्याने घातलेले फोटोही त्याच्याबरोबर जातात. मंडळात रुसवेफुगवे होणारच. एकाच्या रागापायी गॅलरीला भोकं पडावीत हे मला पटेना.

मग आम्ही एक चाचणी केली, आणि इतर मंडळांनी निवड करण्याआधी ती करावीच असं मी म्हणेन. पाच फोटो चढवायचे, खाली मराठीत ओळी लिहायच्या आणि सगळं परत उतरवून घ्यायचं. गुगलकडून फोटो आले, ओळी मात्र वेगळ्या जेसॉन फाइलींत, म्हणजे संगणकासाठीच्या मजकूर-फाइलींत, आल्या. आमच्या सत्तरीतल्या सभासदांनी त्या कशा जुळवायच्या? तेव्हापासून आम्ही ओळ आधी फोटोच्या फाइलीतच लिहितो. डिजीकॅम या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मराठीत लिहिता येतं आणि मूळ फाइल न बदलता जिथे जाईल तिथे ती ओळ सोबत जाते.

शेवटी फ्लिकरवर पैसे भरून मंडळाच्या नावाने खातं घ्यायचं ठरलं. वर्गणी वाढवली. ईमेल मंडळाचा, पासवर्ड दोघांकडे, आणि सगळ्या फोटोंच्या प्रती दोन हार्ड डिस्कवर, एक माझ्या घरी आणि दुसरी खजिनदारांकडे कराडला. कासच्या वनस्पतींचे फोटो विकिपीडियाच्या विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावरही द्यावेत असं मला फार वाटत होतं. पण तिथे दिलेला फोटो कुणीही व्यापारी कामासाठीसुद्धा वापरू शकतो, आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. लग्नाच्या फोटोंवर घर चालवणाऱ्या आमच्या एका तरुण सभासदाने साफ नकार दिला. त्याचं बरोबर आहे. ज्याची लेखी संमती, त्याचेच फोटो जातील. कंदीलपुष्प या दुर्मिळ कंदवर्गीय वनस्पतीचा फोटो असेल तर त्यातली जीपीएस नोंद आधी काढून टाकू; नेमकी जागा कळली की कंद उकरायला माणसं जातात.

आता एक विनंती, आणि खरं तर तिच्यासाठीच आपल्या वृत्तपत्रात जागा मागते आहे. २०१४ च्या दिवाळीत आम्ही साताऱ्यात कासच्या फुलांचं प्रदर्शन भरवलं होतं. प्रत्येक फोटोखाली काकांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी होती. बघायला आलेल्या पुष्कळांनी मोबाइलवर फोटो काढले होते. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या जुन्या मोबाइलमध्ये त्या चिठ्ठ्या दिसत असतील, अगदी अर्धवट किंवा तिरक्या आलेल्या असल्या तरी, तर कृपया आपल्या कार्यालयामार्फत आम्हाला कळवावं. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपली,
छायाचित्र मंडळाची चिटणीस, सातारा